जो लुईस : रिंगणात अजिंक्य, हिशेबात ऋणको

जागतिक हेवीवेट मुष्टियुद्धाचे अजिंक्यपद जो लुईसकडे 22 जून 1937 पासून 1 मार्च 1949 पर्यंत, म्हणजे 11 वर्षे 8 महिने राहिले. या काळात त्याने ते 25 वेळा राखले. हेवीवेट गटात सलग इतक्या वेळा अजिंक्यपद राखणे त्यानंतर कोणालाही साधलेले नाही. मात्र त्याचे चरित्र केवळ ठोशांच्या आधारे सांगता येत नाही. विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेतील व्यावसायिक मुष्टियुद्धाचा धंदा ज्या करारांवर, टक्केवारीवर आणि संशयास्पद निकालांवर उभा होता, त्या सर्वांची गाठ कुठे ना कुठे याच एका माणसाशी पडते. या व्यवहारांत कधी त्याचा लाभ झाला, कधी हानी झाली. एकदा तर देशातील सर्वांत मोठ्या मक्तेदारीची पायाभरणीच त्याच्या स्वाक्षरीने झाली.

जोसेफ लुईस बॅरो याचा जन्म 13 मे 1914 रोजी अलाबामा राज्यातील लाफायेट गावाजवळ, कापसाच्या शेतात खंडाने राबणाऱ्या कुटुंबात झाला. आठ भावंडांतील तो सातवा. वडील मन्रो बॅरो यांना मनोरुग्णालयात दाखल करावे लागले. पुढे ते वारल्याचे समजून आई लिली हिने पॅट ब्रुक्स यांच्याशी विवाह केला. कृष्णवर्णीयांना धमकावणाऱ्या कू क्लक्स क्लॅनचा जाच आणि शेतीतील दारिद्र्य यांना कंटाळून 1926 च्या सुमारास हे कुटुंब डेट्रॉईटला आले. मोटारींच्या कारखान्यांमुळे त्या शहरात काम मिळे. मंदी आली तेव्हा तेही मिळेना आणि कुटुंबाला सरकारी मदतीवर दिवस काढावे लागले. पुढे हाती पैसा येताच लुईसने ती मदतीची रक्कम नगर प्रशासनाला परत केली. ज्याच्या माथी नंतर करबुडवेपणाचा ठपका आला, त्याच्या संदर्भात ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

शाळेत त्याचे मन रमले नाही. सुतारकामाच्या वर्गात तो बरा होता. आईने व्हायोलिनच्या शिकवणीसाठी दिलेले पैसे त्याने व्यायामशाळेत भरले, ही कथा त्याच्या प्रत्येक चरित्रात येते. हौशी मुष्टियोद्धा म्हणून त्याने चारच लढती गमावल्या आणि 1934 मध्ये राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. त्याच वर्षी 4 जुलै रोजी शिकागोत त्याची पहिली व्यावसायिक लढत झाली. पहिल्याच फेरीत प्रतिस्पर्धी बाद झाला आणि लुईसच्या हाती 59 डॉलर पडले.

त्याला व्यावसायिक रिंगणात आणणारी तीनही माणसे कृष्णवर्णीय होती. डेट्रॉईटचा जॉन रॉक्सबरो आणि शिकागोचा ज्युलियन ब्लॅक हे व्यवस्थापक, तर स्वतः उत्तम लढवय्या असलेला जॅक ब्लॅकबर्न हा प्रशिक्षक. रॉक्सबरोचा खरा धंदा आकड्यांच्या जुगाराचा होता. आपल्याकडील मटक्याचाच तो अमेरिकी भाऊबंद म्हणता येईल. कृष्णवर्णीयांना बँका कर्ज देत नसत, त्या काळात त्यांच्या वस्तीत भांडवल असे ते अशाच लोकांकडे.

रॉक्सबरोने लुईसला वागणुकीचे काटेकोर नियम घालून दिले होते. गोऱ्या स्त्रीसोबत छायाचित्र काढायचे नाही, पडलेल्या प्रतिस्पर्ध्याकडे पाहून आनंद व्यक्त करायचा नाही, रिंगणात आणि बाहेर सचोटीने राहायचे. या नियमांमागे जॅक जॉन्सनची सावली होती. हेवीवेट अजिंक्यपद मिळवणारा पहिला कृष्णवर्णीय जॉन्सन 1908 ते 1915 या काळात विजेता होता. त्याच्या बेदरकार वागण्याने गोरी अमेरिका इतकी डिवचली गेली, की त्याच्या पराभवानंतर 22 वर्षे एकाही कृष्णवर्णीयाला या अजिंक्यपदासाठी लढू दिले गेले नाही. हॅरी विल्ससारखा समर्थ योद्धा जॅक डेम्प्सीच्या लढतीची वाट पाहत म्हातारा झाला. अन्यायाचा हा प्रकार गुणपत्रिकेवर कोठेच दिसत नाही. लढतच होऊ दिली नाही, तर पंचाला पक्षपात करण्याची वेळही येत नाही.

अशा स्थितीत लुईसला वाट सापडली ती मात्र नीतीमुळे नव्हे, स्पर्धेमुळे. न्यूयॉर्कमधील मुष्टियुद्धावर तेव्हा मॅडिसन स्क्वेअर गार्डनची सत्ता होती. गार्डनच्या आयोजकाने कृष्णवर्णीय योद्ध्याने अधूनमधून हरायलाच हवे असे रॉक्सबरोला सुनावले, असा प्रसंग लुईसच्या चरित्रकारांनी वारंवार नोंदवला आहे. या सत्तेला शह देऊ पाहत होता माइक जेकब्स. तिकिटांचा काळाबाजार कोळून प्यायलेल्या या माणसाने हर्स्ट वृत्तपत्रसमूहातील काही पत्रकारांना भागीदार करून ट्वेंटिएथ सेंच्युरी स्पोर्टिंग क्लब काढला होता. ज्यांनी लढतींचे वार्तांकन करायचे, तेच नफ्याचे वाटेकरी, असा हा उघड व्यवहार होता. जेकब्सने 1935 मध्ये लुईसशी करार केला आणि मुद्दाम हरण्याची अट त्यात घातली नाही. गार्डनला हरवण्यासाठी त्याला जिंकणारा माणूस हवा होता.

जून 1935 मध्ये यांकी स्टेडियमवर लुईसने माजी विजेता प्रिमो कार्नेरा याला सहाव्या फेरीत लोळवले. इटलीच्या या महाकाय योद्ध्याची कारकीर्द गुन्हेगारी टोळ्यांनी ठरवून जिंकवलेल्या लढतींवर उभी होती, असे मानले जाते. कमाई टोळ्यांनी नेली आणि कार्नेरा कफल्लक झाला. लुईसने त्याच्याकडे पाहून काही धडा घेतला असावा, असे पुढील घटनांवरून वाटत नाही. सप्टेंबरमध्ये त्याने मॅक्स बेअरलाही चौथ्या फेरीत बाद केले. मार्वा ट्रॉटरशी त्याचा विवाह त्याच दिवशी झाला.

त्यानंतर 19 जून 1936 रोजी जर्मनीच्या मॅक्स श्मेलिंगने त्याला बाराव्या फेरीत बाद केले. हा व्यावसायिक कारकिर्दीतील पहिला पराभव निर्विवाद होता. जगज्जेता जेम्स ब्रॅडॉक याला आव्हान देण्याचा अधिकार यामुळे श्मेलिंगकडे गेला आणि तसा करारही झाला. येथून पुढे जे घडले ते मुष्टियुद्धाच्या धंद्याचे राजकारण समजून घेण्यासाठी एखाद्या पाठासारखे आहे.

श्मेलिंग हा हिटलरच्या जर्मनीचा खेळाडू. अजिंक्यपद बर्लिनला गेले तर ते परत मिळणार नाही, अशी धास्ती अमेरिकेत होती. नाझीविरोधी संघटनांनी या लढतीवर बहिष्कार टाकण्याची हाक दिली होती. ब्रॅडॉकचा व्यवस्थापक जो गूल्ड याने ही हवा ओळखली आणि जेकब्सशी सौदा केला. ब्रॅडॉक लुईसशी लढणार; तो हरला, तर जेकब्सला पुढील 10 वर्षे हेवीवेट अजिंक्यपदाच्या लढतींतून जो नफा होईल त्याचा 10 टक्के वाटा ब्रॅडॉकच्या बाजूला मिळणार. गार्डनने न्यायालयात धाव घेतली, पण मनाई हुकूम मिळाला नाही. ठरलेल्या दिवशी, 3 जून 1937 रोजी, श्मेलिंग न्यूयॉर्कच्या क्रीडा आयोगापुढे वजन करून घेण्यास हजर झाला. प्रतिस्पर्धी आलाच नाही. आयोगाने ब्रॅडॉक आणि गूल्ड यांना प्रत्येकी 1,000 डॉलर दंड केला. एवढ्या मोठ्या व्यवहारात ही रक्कम चिल्लर होती.

गुणवत्तेच्या निकषावर पाहिले तर त्या वेळी अन्याय श्मेलिंगवर झाला. लुईसचे भक्त हे सहसा सांगत नाहीत. ज्या पडद्याआडच्या व्यवहारांनी एका पिढीच्या कृष्णवर्णीय योद्ध्यांना दाराबाहेर ठेवले होते, त्याच व्यवहारांनी या वेळी एकासाठी दार उघडले. आत शिरल्यावर मात्र लुईसने काम चोख केले. शिकागोच्या कोमिस्की पार्कवर 22 जून 1937 रोजी पहिल्या फेरीत तो खाली पडला, पण आठव्या फेरीत त्याने ब्रॅडॉकला बाद करून अजिंक्यपद मिळवले. श्मेलिंगला हरवल्याशिवाय आपण खरे विजेते नाही, अशी त्याची भावना होती. बरोबर एका वर्षाने, यांकी स्टेडियमवर 70 हजारांहून अधिक प्रेक्षकांसमोर, त्याने श्मेलिंगला 124 सेकंदांत संपवले. ती रात्र अमेरिकेच्या इतिहासाचा भाग झाली; त्यावर इतके लिहिले गेले आहे की येथे अधिक विस्ताराची गरज नाही.

अजिंक्यपद मिळाले, तरी पैशाची वाटणी बदलली नाही. दोन्ही व्यवस्थापक मिळून निम्म्याच्या आसपास रक्कम घेत. सरावाचा, प्रवासाचा, सोबतच्या माणसांचा खर्च उरलेल्या भागातून वजा होई. लुईस स्वतःही सढळ हाताचा होता. नातेवाईक, मित्र, अनोळखी गरजू यांच्यापैकी कोणी रिकाम्या हाताने परतत नसे. गोल्फच्या पैजांत तो मोठ्या रकमा हरे. हिशेब ठेवणे हे दुसऱ्यांचे काम आहे असे तो मानत असे आणि ते दुसरे आपापला हिशेब नीट ठेवत होते.

जून 1941 मध्ये पोलो ग्राउंड्सवर बिली कॉनविरुद्धच्या लढतीत बारा फेऱ्यांअखेर दोन गुणपत्रिकांवर कॉन पुढे होता आणि तिसरीवर बरोबरी होती. तेराव्या फेरीत तो निष्कारण समोरासमोर भिडला आणि बाद झाला. म्हणजे विजेत्यापेक्षा आव्हानवीराला अधिक गुण देणारे अधिकारीही न्यूयॉर्कमध्ये होते. सहा वर्षांनंतरच्या वादात हा दाखला आठवायला हवा.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिका उतरताच लुईसने जानेवारी 1942 मध्ये बडी बेअरविरुद्धच्या लढतीतील आपली कमाई नौदलाच्या मदतनिधीला दिली. कृष्णवर्णीयांना स्वयंपाकघरातील कामापलीकडे फारसे काही करू न देणाऱ्या नौदलाला ही देणगी का, असा प्रश्न कृष्णवर्णीय वृत्तपत्रांनी केला. मार्चमधील एब सायमनविरुद्धच्या लढतीची कमाई भूदलाच्या निधीला गेली. दरम्यान तो स्वतः सैन्यात भरती झाला होता. सुमारे 20 लाख सैनिकांपुढे त्याने 96 प्रदर्शनीय लढती केल्या. फोर्ट रायली येथे जॅकी रॉबिन्सन आणि इतर कृष्णवर्णीयांना अधिकारी प्रशिक्षणात प्रवेश मिळावा म्हणून त्याने ओळखी वापरल्या. बेसबॉलमधील वर्णभेदाची भिंत पुढे पाडली ती याच रॉबिन्सनने.

युद्धकाळात ब्लॅकबर्न वारला. जुगाराच्या प्रकरणात रॉक्सबरो तुरुंगात गेला. कमाई थांबली, खर्च थांबला नाही. लुईस जेकब्सकडून भावी लढतींच्या भरवशावर उचल घेत राहिला. सैन्यातून सुटल्यावर जून 1946 मध्ये कॉनशी पुन्हा लढत झाली. रिंगणाजवळच्या जागेचे तिकीट 100 डॉलर होते आणि एकूण जमा 19 लाख डॉलरच्या पुढे गेली. लुईसच्या वाट्याला सुमारे सहा लाख आले. व्यवस्थापकांचा हिस्सा, जेकब्सची उचल, घटस्फोटित पत्नीची देणी आणि जुना कर हे सारे फेडल्यावर त्यातून नव्या कराची तरतूद होऊ शकली नाही. त्या काळी प्राप्तिकराचा सर्वोच्च टप्पा 90 टक्क्यांच्या घरात होता. शिवाय निधीला दिलेल्या लढतींची रक्कमही करखात्याने त्याचे उत्पन्न म्हणूनच धरली. रक्कम त्याच्या हातात कधी आलीच नव्हती, हा मुद्दा कागदावर टिकला नाही.

या पार्श्वभूमीवर 5 डिसेंबर 1947 ची रात्र उजाडली. मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये लुईससमोर जर्सी जो वॉलकॉट होता. त्याचे खरे नाव आर्नल्ड क्रीम. लुईसच्याच वयाचा, म्हणजे 33 वर्षांचा, सहा मुलांचा बाप. तरुणपणी ब्लॅकबर्ननेच त्याला हाताशी धरले होते. परंतु विषमज्वराने तो आजारी पडला, ब्लॅकबर्न शिकागोला गेला आणि तेथे त्याला लुईस मिळाला. मधल्या वर्षांत वॉलकॉटने मिळेल ती मजुरी केली, सरकारी मदतीवर कुटुंब जगवले. लुईसशी त्याची लढत आधी 10 फेऱ्यांचे निव्वळ प्रदर्शन म्हणून योजली होती. न्यूयॉर्कच्या आयोगाने तसे प्रदर्शन मान्य केले नाही, म्हणून ती 15 फेऱ्यांची अजिंक्यपदाची लढत झाली. जुगाऱ्यांचा भाव लुईसच्या बाजूने एकास दहा होता.

पहिल्याच फेरीत लुईस खाली पडला. चौथ्या फेरीत तो पुन्हा पडला. वॉलकॉट पाऊल मागे घेत, बाजूला सरकत, अचानक उजव्या हाताचा ठोसा देत राहिला. लुईस पुढे येत राहिला, पण त्याचे ठोसे उशिरा पोहोचत होते. आपण निश्चित पुढे आहोत अशा खात्रीने वॉलकॉटच्या कोपऱ्यातील मंडळींनी अखेरच्या फेऱ्यांत त्याला धोका टाळायला सांगितले आणि तो अंतर राखून फिरत राहिला. घंटा झाली तेव्हा लुईस निकालाची वाट न पाहता रिंगणातून बाहेर पडू लागला. त्याला अडवून परत आणावे लागले.

न्यूयॉर्कमध्ये तेव्हा प्रत्येक फेरी एका योद्ध्याला किंवा बरोबरीत दिली जाई आणि रिंगणातील पंच व बाहेर बसलेले दोन परीक्षक अशा तिघांपैकी दोघांचे मत निर्णायक ठरे. पंच रुबी गोल्डस्टीनने सात फेऱ्या वॉलकॉटला, सहा लुईसला दिल्या, दोन बरोबरीत. परीक्षक फ्रँक फोर्ब्सने आठ फेऱ्या लुईसला, सहा वॉलकॉटला दिल्या, एक बरोबरीत. दुसरा परीक्षक मार्टी मन्रो याच्या गुणपत्रिकेवर लुईसच्या नऊ, वॉलकॉटच्या सहा फेऱ्या होत्या. अजिंक्यपद लुईसकडे राहिले आणि सुमारे 18 हजार प्रेक्षकांनी आपल्या लाडक्या विजेत्याच्या विजयाची हुर्यो केली. लुईसने वॉलकॉटजवळ जाऊन दिलगिरी व्यक्त केली, असे वृत्तांत तेव्हा प्रसिद्ध झाले.

या पद्धतीतील दोष उघड होता. ज्या फेरीत योद्धा जमिनीवर लोळतो आणि ज्या फेरीत एखाद-दुसरा हलका ठोसा अधिक लागतो, त्या दोन्हींचे मोल सारखेच धरले जाई. त्यात एक अलिखित संकेत असा, की अजिंक्यपद हवे असेल तर आव्हानवीराने ते स्पष्टपणे हिसकावून घ्यावे. मागे सरकत लढणाऱ्याला ते देऊ नये. नियमांच्या पुस्तकात हा संकेत कुठेच नव्हता, पण परीक्षकांच्या मनात होता. वॉलकॉटच्या बाजूने आयोगाकडे दाद मागितली गेली. आयोगाचे अध्यक्ष एडी ईगन हे स्वतः 1920 च्या ऑलिंपिकमधील मुष्टियुद्धाचे सुवर्णपदक विजेते होते. निकाल बदलला नाही.

त्या रात्री पैसे चारले गेले, असा पुरावा कधीही पुढे आलेला नाही आणि तसा आरोप करणे अन्यायाचे ठरेल. तथापि प्रेक्षकांचा विश्वास आधीच उडालेला होता. अवघ्या तीन आठवड्यांपूर्वी, त्याच सभागृहात, जेक लामोटा हा बिली फॉक्सकडून चौथ्या फेरीत पराभूत झाला होता. ती लढत आपण मुद्दाम गमावली, अशी कबुली लामोटाने 1960 मध्ये सिनेटच्या उपसमितीपुढे दिली. अजिंक्यपदासाठी लढण्याची संधी हवी असेल तर एक लढत हरावी लागेल, हा त्या संधीचा भाव होता. लढत ठरवायची कोणी, प्रतिस्पर्धी निवडायचा कोणी, परतीच्या लढतीचे हक्क कोणाकडे, हे सारे एकाच कार्यालयात ठरत असेल, तर परीक्षकाला वेगळी लाच देण्याची गरजही उरत नाही. आजाराने खाली बसलेल्या जेकब्सचा क्लब तेव्हा त्याचा वकील सहकारी सोल स्ट्रॉस चालवत होता आणि क्लबची सर्वांत मोठी मालमत्ता म्हणजे अजिंक्य जो लुईस.

वॉलकॉटला दुसरी संधी 25 जून 1948 रोजी यांकी स्टेडियमवर मिळाली. तिसऱ्या फेरीत लुईस पुन्हा खाली पडला. अकराव्या फेरीत त्याने वॉलकॉटला बाद केले. या वेळी परीक्षकांना विचारण्याचे कारण नव्हते.

आता लुईस निवृत्तीच्या विचारात होता. त्याच्याजवळ विकण्यासारखी एकच वस्तू उरली होती, ती म्हणजे रिकामे होणारे सिंहासन. त्याने चार प्रमुख दावेदारांशी, म्हणजे एझर्ड चार्ल्स, वॉलकॉट, ली सॅव्होल्ड आणि गस लेस्नेविच यांच्याशी, अनन्य करार केले आणि ते करार जेम्स नॉरिस व आर्थर विर्त्झ या दोन धनिकांच्या हवाली केले. शिकागो, डेट्रॉईट आणि सेंट लुईस येथील मोठी क्रीडागृहे या दोघांच्या ताब्यात होती. मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्येही त्यांचे भाग होते. बदल्यात लुईसला रोख रक्कम, वार्षिक मानधन आणि नव्या संस्थेत 20 टक्के भाग मिळाला. ही संस्था म्हणजे इंटरनॅशनल बॉक्सिंग क्लब. व्यवहाराची कायदेशीर बाजू पाहणारा ट्रुमन गिब्सन हा कृष्णवर्णीय वकील. युद्धकाळात त्याने सैन्यातील वर्णभेदाविरुद्ध मोलाचे काम केले होते.

जो माणूस गार्डनच्या मक्तेदारीमुळे एके काळी दाराबाहेर राहिला असता, त्यानेच त्याहून मोठ्या मक्तेदारीच्या हाती किल्ल्या दिल्या. जून 1949 ते मे 1953 या काळात अमेरिकेत झालेल्या 44 अजिंक्यपद लढतींपैकी 36 लढती या क्लबने आयोजित केल्या. अजिंक्यपदासाठी लढायचे तर आधी क्लबशी अनन्य करार, जिंकलात तर पुढील लढतीही क्लबसाठीच, अशी व्यवस्था होती. दूरचित्रवाणीवरील साप्ताहिक लढतींमुळे पैशाचा ओघ वाढला. पडद्यामागे फ्रँकी कार्बो आणि ब्लिंकी पालेर्मो हे टोळीवाले व्यवस्थापकांना आणि योद्ध्यांना नाचवत होते. लाइटवेट गटाचा विजेता आइक विल्यम्स याने पुढे सिनेटच्या उपसमितीपुढे सांगितले, की पालेर्मो आपला व्यवस्थापक असताना दोन लढतींचा मोबदला आपल्यापर्यंत पोहोचलाच नाही.

सरकारने 1952 मध्ये क्लबविरुद्ध मक्तेदारीविरोधी कायद्याखाली खटला भरला. बेसबॉलला या कायद्यातून मिळालेली सवलत मुष्टियुद्धाला लागू नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 1955 मध्ये दिला आणि 12 जानेवारी 1959 रोजी क्लबचे विसर्जन करण्याचा आदेश कायम केला. कार्बो आणि पालेर्मो यांना 1961 मध्ये खंडणीच्या गुन्ह्यात शिक्षा झाली. त्याच खटल्यात गिब्सनही दोषी ठरला. त्याची शिक्षा स्थगित राहिली.

लुईसला मात्र या संस्थेत भागीदार म्हणून बसून राहणे परवडले नाही. करखात्याने त्याच्याकडे पाच लाख डॉलरहून अधिक येणे काढले होते. ते फेडण्याचा एकच मार्ग त्याला ठाऊक होता. सप्टेंबर 1950 मध्ये तो चार्ल्सविरुद्ध उतरला आणि 15 फेऱ्यांनंतर एकमताने हरला. गुणपत्रिकांबद्दल कोणीही शंका घेतली नाही. तीन वर्षांपूर्वी जुन्या राजाला मिळालेला संशयाचा फायदा या वेळी देण्याची सोयच चार्ल्सने ठेवली नव्हती. ऑक्टोबर 1951 मध्ये तरुण रॉकी मार्सियानोने त्याला आठव्या फेरीत दोरांबाहेर फेकले. लहानपणापासून ज्याला आदर्श मानले त्यालाच असे पाडावे लागले, म्हणून मार्सियानो नंतर रडला. तीन पराभवांवर लुईसची कारकीर्द संपली.

देणे संपले नाही. व्याज धरून ते दहा लाख डॉलरच्या वर गेले. मुलांसाठी ठेवलेला निधी जप्त झाला. आई लिली 1953 मध्ये वारली. तिने मागे ठेवलेले 667 डॉलरही करखात्याने घेतले. लढतींच्या एकूण 46 लाख डॉलरपैकी लुईसच्या हाती आठेक लाख पडले असावेत, असा अंदाज साधारणपणे दिला जातो. त्याने व्यावसायिक कुस्तीचे खेळ केले; 1956 मध्ये छातीला मार बसल्याने तेही थांबवावे लागले. अखेर करखात्याने जुन्या येण्याचा पाठपुरावा सोडून चालू उत्पन्नावरच कर घेण्याचे मान्य केले.

वॉलकॉटचे नशीब उशिरा उजळले. जुलै 1951 मध्ये, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, पाचव्या प्रयत्नात त्याने चार्ल्सला बाद करून हेवीवेट अजिंक्यपद मिळवले. पुढे तो न्यू जर्सीतील कॅम्डेन काउंटीचा शेरीफ झाला. त्यानंतर त्या राज्याच्या क्रीडा आयोगाचे, म्हणजे पंच आणि परीक्षक नेमणाऱ्या यंत्रणेचे, अध्यक्षपदही त्याच्याकडे आले.

लुईसची तिसरी पत्नी मार्था ही वकील होती. तिने त्याचे अव्यवस्थित व्यवहार आवरले आणि 1970 मध्ये त्याचे मन भ्रमिष्ट झाले तेव्हाही त्याला सांभाळले. लास व्हेगासच्या सीझर्स पॅलेस या जुगारगृहात पाहुण्यांचे स्वागत करण्याची नोकरी त्याला मिळाली होती. लोक हस्तांदोलनासाठी रांग लावत. पुढे हृदयविकाराने तो चाकाच्या खुर्चीला खिळला. 11 एप्रिल 1981 रोजी लॅरी होम्सची अजिंक्यपदाची लढत पाहण्यासाठी त्याला रिंगणाजवळ आणले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचे निधन झाले.

आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत जागा मिळण्याच्या नियमांत तो बसत नव्हता. राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी नियम शिथिल केला आणि 21 एप्रिल रोजी लष्करी इतमामात त्याचे दफन झाले. अंत्यविधीच्या खर्चाचा काही भाग मॅक्स श्मेलिंगने उचलला. युद्धानंतर पश्चिम जर्मनीत कोका-कोलाच्या व्यवसायात श्मेलिंग श्रीमंत झाला होता आणि लुईसच्या अडचणीच्या वर्षांत त्याने त्याला वेळोवेळी पैसे दिले होते.